स्वप्रकाशित कादंबरीचा प्रसार : पहिले वर्ष

छपाईचा खर्च स्वतः सोसून, स्वतःच्या किंवा घरच्या नावाने सुरू केलेल्या प्रकाशनातर्फे कादंबरी काढणाऱ्या लेखकाला येथे स्वतंत्र कादंबरीकार म्हटले आहे. दुसऱ्या प्रकाशकाकडे पैसे भरून पुस्तक काढून घेणारा लेखक कागदोपत्री त्याहून वेगळा असला, तरी छपाईनंतरची त्याची स्थिती बहुधा सारखीच असते, कारण करारात ठरलेल्या शे-दोनशे प्रती घरपोच आल्या की त्या प्रकाशकाचा उत्साह तेथेच मावळतो. दोघांपाशी पुस्तक असते. नसतात त्या गोष्टी म्हणजे वर्षानुवर्षे ग्रंथालयांत जाणारी सूची, गावोगावच्या विक्रेत्यांशी असलेले खाते आणि संमेलनातला गाळा. ही उणीव एकट्याने, हळूहळू आणि शक्य तितक्या कमी पैशांत भरून काढणे म्हणजेच प्रसार. जाहिरात हा त्याचा लहानसा आणि मराठी कादंबरीच्या बाबतीत सर्वांत कमी फळणारा भाग आहे. मराठी कादंबरी मुख्यतः एका वाचकाने दुसऱ्याला सांगितल्याने आणि ग्रंथालयाच्या कपाटातून हातोहात फिरल्याने पसरते, त्यामुळे पहिल्या वर्षातील श्रम, वेळ आणि पैसा यांची वाटणी हे लक्षात ठेवूनच करावी.

प्रथम पैशाचा विचार, कारण तो उत्साहाच्या भरात राहून जातो. समजा, अडीचशे पानांच्या कादंबरीच्या ५०० प्रती काढल्या, प्रत्येक प्रतीला सर्व मिळून १२० रुपये पडले आणि छापील किंमत ३५० रुपये ठेवली. वितरक, म्हणजे प्रकाशकाकडून गठ्ठ्याने पुस्तके घेऊन ती दुकानांना पुरवणारा मधला व्यापारी, छापील किमतीवर चाळीस ते पन्नास टक्के सूट मागतो, कारण दुकानदाराचे कमिशनही त्याला त्यातूनच द्यायचे असते. पन्नास टक्के सूट दिली तर प्रतीमागे १७५ रुपये हाती येतात; तीच प्रत थेट वाचकाला वीस टक्के सवलतीने विकली आणि कुरियरचे ५० रुपये लेखकाने सोसले, तर २३० रुपये उरतात. छपाईचे साठ हजार पहिल्या मार्गाने ३४३ प्रती खपल्यावर वसूल होतात, दुसऱ्या मार्गाने २६१. या हिशेबात भेटप्रती धरलेल्या नाहीत, आणि लेखकाचा पैसा नेमका तेथेच गळतो. ‘सप्रेम भेट’ असे लिहून दिलेली प्रत न वाचता दिवाणखान्यातल्या कपाटात जाते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्यासाठी विनामूल्य द्यायच्या प्रतींची संख्या छपाईपूर्वीच ठरवून टाकावी. पाचशेच्या आवृत्तीत साठाच्या वर जाऊ नये, आणि त्या साठही परीक्षण, ग्रंथालये, वाचनगट व पुरस्कार यांसाठी राखून ठेवाव्यात. नातेवाइकांनी पुस्तक विकत घ्यावे, अशी अपेक्षा ठेवण्यात कसलाही उणेपणा नाही.

छपाईपूर्वीची दोन कामे किरकोळ दिसतात, पण ती चुकली तर पुढची वाट अडते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाला जगभर स्वतंत्र ओळख देणारा तेरा अंकी क्रमांक, भारतात केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या व्यक्तीलाही त्यासाठी अर्ज करता येतो. तो कोणाकडून विकत घेण्याची गरज नसते. दुसऱ्या संस्थेच्या खात्यातला क्रमांक घेतला, तर अधिकृत नोंदीत प्रकाशक म्हणून त्या संस्थेचेच नाव राहते. दुसरे काम १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याचे आहे. या कायद्यान्वये प्रकाशकाने, म्हणजे येथे लेखकानेच, प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोन्नेमारा ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी येथे स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते. या चार प्रती साठांत धरू नयेत.

याहून अवघड काम म्हणजे कादंबरीची ओळख तीन-चार वाक्यांत लिहिणे. मलपृष्ठ, संपादकाला पाठवायचे पत्र, विक्रेत्याची सूची, समाजमाध्यमावरचा मजकूर आणि दुकानदाराने गिऱ्हाइकाला सांगायचे वाक्य या सगळ्यांचे मूळ तीच ओळख असते, आणि बहुतेक लेखक ती मित्राकडून विशेषणांत लिहवून घेतात. ‘मानवी नात्यांचा तरल वेध घेणारी, वाचकाला अखेरपर्यंत खिळवून ठेवणारी कादंबरी’ हे वाक्य कोणत्याही पुस्तकाच्या पाठीवर चालते आणि म्हणून कोणत्याच पुस्तकाच्या उपयोगी पडत नाही. त्याऐवजी असे लिहिता येते : ‘१९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर मुकादम झालेला एक तरुण मस्टरवर मेलेल्या माणसांची नावे चढवतो. त्या पैशांवर गावात विहीर होते. चाळीस वर्षांनी त्याची नात तेच मस्टर शोधायला तहसील कचेरीत येते.’ येथे काळ, स्थळ, कृत्य आणि त्याचा पेच चारही कळतात, कादंबरी चांगली आहे असे कोठेही म्हटलेले नाही, आणि पुस्तक कोणापर्यंत न्यावे हेही त्यातूनच उघड होते. दुष्काळ पाहिलेली पिढी, महसूल खात्यातले आजी-माजी कर्मचारी, पाणी व शेती या विषयांवर काम करणाऱ्या संस्था आणि ज्या तालुक्यात कथानक घडते तेथली ग्रंथालये हे या कल्पित कादंबरीचे पहिले वाचक होत. ‘सर्व वयोगटांतील वाचक’ असे उत्तर सुचत असेल, तर ओळख पुन्हा लिहावी.

हे पहिले वाचक छपाईपूर्वीच नोंदवून घेण्याची रीत मराठीत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात ग्रंथकार छपाईखर्चासाठी आधी वर्गणीदार जमवीत आणि त्या आश्रयदात्यांची यादी ग्रंथातच छापीत. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात उभ्या राहिलेल्या ‘ग्रंथाली’ने स्वतःला वाचक चळवळ म्हणवून घेतले, सभासदांना पुस्तके सवलतीत दिली आणि दया पवार यांचे ‘बलुतं’ हे आत्मकथन १९७८ साली त्याच व्यवस्थेतून वाचकांसमोर आले. आजची प्रकाशनपूर्व सवलत, म्हणजे ठरावीक तारखेपर्यंत पैसे भरणाऱ्याला कमी किमतीत प्रत देण्याची योजना, ही त्याच परंपरेतली आहे. स्वतंत्र लेखकाने ती दीड ते दोन महिने चालवावी, पैसे भरणाऱ्याचे नाव, पत्ता व दूरध्वनी एका वहीत किंवा तक्त्यात नीट लिहून ठेवावा आणि आवृत्ती किती प्रतींची काढायची, हे त्या आकड्यावरून ठरवावे. डिजिटल छपाईत शंभर प्रतीही काढता येतात. ऐंशी जणांनी नोंदणी केली असताना एकेकाळच्या हजार-अकराशे प्रतींच्या रूढ आवृत्तीचा मोह धरणे म्हणजे माळ्यावर कागद साठवणे होय. नोंदणी केलेल्यांना दिलेल्या तारखेला पुस्तक पोचले पाहिजे. हा पहिला गट एकदा दुखावला की तोंडी प्रसाराची वाट सुरुवातीलाच बंद होते.

प्रकाशन समारंभाबद्दल मात्र हात आखडता घ्यावा. सभागृहाचे भाडे, प्रमुख पाहुण्यांचा प्रवास, शाली, नारळ, बॅनर आणि अल्पोपाहार यांवर होणारा खर्च पुष्कळदा शंभर प्रतींच्या छपाईएवढा असतो. समोर बसलेले श्रोते तेच असतात ज्यांना एरवीही पुस्तक मिळालेच असते, आणि अध्यक्षांनी कादंबरी वाचलेली असतेच असे नाही. समारंभ करायचाच असेल, तर कथानकाशी नाते असलेल्या गावात, तेथल्या ग्रंथालयाच्या सभागृहात करावा. पाहुण्यांना पुस्तक महिनाभर आधी द्यावे. लेखकाच्या गौरवाऐवजी एका प्रकरणाचे वाचन ठेवावे. आणि दाराशी प्रतींचे टेबल, सुट्टे पैसे व यूपीआयचा फलक घेऊन एक माणूस बसवावा. भाषणे संपताच पुस्तक मागणारा श्रोता पुढच्या आठवड्यात ते मागवीलच, असे गृहीत धरू नये.

वृत्तपत्रांकडे परीक्षणासाठी पुस्तक पाठवताना दोन प्रती पाठवण्याची रूढी आहे : एक कार्यालयात राहते, दुसरी परीक्षकाकडे जाते. ‘लोकसत्ता’ची ‘लोकरंग’ किंवा ‘सकाळ’ची ‘सप्तरंग’ यांसारख्या रविवारच्या पुरवण्यांकडे येणाऱ्या पुस्तकांचा ढीग आणि तेथे छापून येणारी परीक्षणे यांचे प्रमाण इतके व्यस्त असते, की बहुतेक पुस्तकांच्या वाट्याला ‘साभार पोच’ या मथळ्याखाली नाव, लेखक, प्रकाशक, पाने आणि किंमत एवढीच ओळ येते. ही ओळही वाया जात नाही, कारण ग्रंथालयांत खरेदीची यादी करणारे काही लोक ती पाहतात. सोबतचे पत्र एका पानाचे असावे, त्यात वर सांगितलेली ओळख, आयएसबीएन, पृष्ठसंख्या, किंमत, पुस्तक कोठे मिळते ते आणि संपर्क क्रमांक द्यावा, आत्मचरित्र नको. दर आठवड्याला संपादकाला फोन करणे आणि स्वतः लिहिलेले परीक्षण मित्राच्या नावाने पाठवणे या दोन्ही गोष्टी संपादकीय खोलीत चटकन ओळखल्या जातात. जिल्हा आवृत्त्या, १९६४ पासून ग्रंथव्यवहाराला वाहिलेले ‘ललित’ मासिक, ‘साधना’ साप्ताहिक, त्याचप्रमाणे महाराष्ट्र साहित्य परिषदेची ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, विदर्भ साहित्य संघाचे ‘युगवाणी’ आणि मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ यांसारखी संस्थांची नियतकालिके यांमध्ये सविस्तर दखल मिळण्याची शक्यता मोठ्या पुरवण्यांपेक्षा अधिक असते. तेथील वाचक संख्येने थोडा, पण पुस्तक विकत घेणारा असतो.

दिवाळी अंकांचे गणित वेगळे आहे. १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने सुरू केलेली ही परंपरा आजही कादंबरीच्या एखाद्या प्रकरणाला वाचक मिळवून देते, परंतु संपादकांना अप्रकाशित मजकूर हवा असतो आणि अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते. पुस्तक हाती आल्यावर अंश पाठवणाऱ्याची वेळ त्यामुळे टळलेली असते. सर्वांत सोयीचा क्रम असा : मे-जूनमध्ये स्वतंत्रपणे वाचता येईल असे प्रकरण निवडून पाठवावे, त्याखाली ‘आगामी कादंबरीतून’ अशी टीप घालावयास सांगावी, दिवाळीनंतर प्रकाशनपूर्व नोंदणी उघडावी आणि जानेवारी-फेब्रुवारीत पुस्तक आणावे. संमेलने, ग्रंथोत्सव आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हे सगळे त्याच सुमारास येतात.

मराठी कादंबरीचा खरा आधार ग्रंथालय हा आहे, आणि स्वतंत्र लेखक सर्वांत कमी लक्ष देतो तेही तेथेच. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला. त्याखाली मान्यता मिळालेली आणि अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली दहा हजारांहून अधिक ग्रंथालये शासकीय अनुदानावर चालतात. त्या अनुदानाचा काही भाग ग्रंथखरेदीवर खर्च करावा लागतो. म्हणून अनुदानाचा हप्ता आल्यावर, विशेषतः मार्चअखेर जवळ आली की, खरेदी होते. मात्र ती बहुधा एखाद्या ठरलेल्या विक्रेत्याकडून, भरघोस सवलतीवर आणि एकगठ्ठा होते. लेखकाने टपालाने पाठवलेले विनंतीपत्र त्या व्यवहारात कोठेच बसत नाही. दोन वाटा उरतात. पहिली म्हणजे त्या जिल्ह्यात ग्रंथालयांना पुस्तके पुरवणारा विक्रेता कोण, हे ग्रंथपालाला विचारून घेऊन कादंबरी त्याच्या यादीत घालणे. दुसरी वाट सभासदांची. पुष्कळ ग्रंथालयांत देवघेवीच्या टेबलावर मागणीची नोंदवही असते, तीत सभासद हव्या असलेल्या पुस्तकांची नावे लिहितात, आणि पुस्तक निवड समितीच्या बैठकीत ती वही उघडली जाते. एकाच नावाखाली वेगवेगळ्या हस्ताक्षरांत चार-पाच सह्या दिसल्या, तर कार्यवाहांना ते पुस्तक टाळणे अवघड जाते. नोंदणी केलेल्या वाचकांना पुस्तकाची स्तुती करण्याऐवजी आपापल्या ग्रंथालयाच्या वहीत नाव लिहिण्याची विनंती करावी. ती मान्य करायला त्यांना एक मिनिट लागते.

याखेरीज ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी तयार करते, तिच्यासाठी पुस्तकाची प्रत मुदतीत सादर करावी लागते. १९७२ साली कोलकात्यात स्थापन झालेले राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान राज्यांच्या सहभागाने ग्रंथखरेदी करते, तिकडचीही निवेदने पाहत राहावे. शासनमान्य यादीत नाव आले म्हणजे खरेदी झालीच असे नव्हे, पण नाव नसेल तर काही ठिकाणी दारच उघडत नाही. ग्रंथालयांना वर्षातून काही ठरलेल्या दिवशी वक्ता लागतो : १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, जानेवारीतला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन. दोन महिने आधी पत्र लिहून, मानधनाची अट न घालता विषय सुचवावा, आणि तो विषय ‘माझी कादंबरी’ हा नसावा. दुष्काळाच्या कादंबरीचा लेखक १९७२ च्या दुष्काळी कामांवर बोलला, तर श्रोते येतात आणि पुस्तकाची चौकशी आपण होऊन करतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून वाचकगटांमध्ये ग्रंथपेट्या फिरतात. अशा गटांत पोचलेली एकच प्रत अनेक घरांत वाचली जाते. विक्रीच्या दृष्टीने हे नुकसान वाटते, परंतु अनोळखी लेखकासाठी वाचलेली प्रत ही विकलेल्या पण न वाचलेल्या प्रतीपेक्षा अधिक मोलाची असते.

दुकानांशी होणारा व्यवहार बहुधा जांगडवर असतो, म्हणजे प्रती दुकानात ठेवायच्या, विकल्या जातील तेवढ्यांचे पैसे घ्यायचे आणि उरलेल्या परत आणायच्या. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकापासून तालुक्याच्या स्टेशनरी दुकानापर्यंत ही पद्धत चालते आणि ती लेखी नसेल तर लेखक त्यात बुडतो. प्रती देतानाच दोन प्रतींत चलन करावे, त्यावर संख्या, सवलत व हिशेबाची तारीख घालून दुकानदाराची सही घ्यावी, आणि तीन महिन्यांनी स्वतः जावे. एका दुकानात पाचांपेक्षा जास्त प्रती ठेवू नयेत; पाच संपल्या तर दुकानदार स्वतः फोन करतो. परत आलेल्या प्रतींचे कोपरे दुमडलेले असतात, तेवढी घट धरून चालावे.

ई-पुस्तकाचा निर्णय अंतरावर अवलंबून ठेवावा. परदेशी टपालाचा खर्च पुस्तकाच्या किमतीहून जास्त होतो, त्यामुळे अमेरिका, आखात किंवा ऑस्ट्रेलियातल्या मराठी वाचकासाठी ई-आवृत्ती जवळजवळ अपरिहार्य आहे. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या अखेरीपासून प्रकाशित करता येतात. मात्र भारतातल्या विक्रीवर सत्तर टक्के मानधन हवे असेल तर ‘केडीपी सिलेक्ट’ या ॲमेझॉनच्या योजनेत नाव घालावे लागते, आणि त्या नव्वद दिवसांच्या मुदतीत तीच ई-आवृत्ती बुकगंगा या पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावर किंवा अन्यत्र ठेवता येत नाही. अट न वाचता दोन्हीकडे पुस्तक चढवणारे लेखक अडचणीत येतात. घरच्या माणसांकडून ॲमेझॉनवर अभिप्राय लिहून घेणेही नियमात बसत नाही. श्राव्य हक्क कोणालाही देताना कराराची मुदत लेखी ठरवावी. समाजमाध्यमांबद्दल फार सांगण्यासारखे नाही : दर आठवड्याला मुखपृष्ठाचे तेच चित्र टाकण्यापेक्षा कादंबरीसाठी केलेल्या शोधातली एखादी वस्तुस्थिती, जुने छायाचित्र किंवा नकाशा टाकावा, आणि परवानगीशिवाय कोणालाही व्हॉट्सॲप गटात ओढू नये.

राज्याच्या सीमेपलीकडचा वाचक पुष्कळदा विसरला जातो. बेळगाव भागात कडोली, उचगाव, येळ्ळूर यांसारख्या गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलने भरतात आणि त्यांना होणारी गर्दी शहरी लेखकाला थक्क करणारी असते. गोव्यातली मराठी दैनिके व वाचनालये, बडोदे आणि इंदूर येथील जुन्या मराठी संस्था याही पुस्तकाची वाट पाहणाऱ्या आहेत. तेथे पत्राला उत्तर मिळण्याची शक्यता पुण्या-मुंबईपेक्षा जास्त, एवढे निश्चित.

पुरस्कारांच्या बाबतीत निवड कठोर असावी. महाराष्ट्र शासनाच्या स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि त्यांचा विचार कॅलेंडर वर्षानुसार होतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुस्तक काढले, तर कोणी वाचण्यापूर्वीच त्याचे वर्ष संपते. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तिशीपर्यंतच्या लेखकांसाठी आहे. जिल्हा-तालुक्यांतील जुन्या संस्थांचे पुरस्कार मान्यतेचे असतात, पण प्रवेशशुल्क, स्मरणिकेतली जाहिरात किंवा समारंभाचा खर्च मागणाऱ्या पुरस्काराकडे प्रत पाठवू नये. तो पुरस्कार लेखकानेच विकत घेतलेला असतो आणि वाचकालाही ते कळते.

वर्ष संपताना विकलेल्या, दिलेल्या, जांगडवर असलेल्या आणि परत आलेल्या प्रतींचा ताळा करावा. थेट खरेदी करणाऱ्यांत ओळखीच्या नावांपेक्षा अनोळखी नावे जास्त झाली असतील आणि घरात पन्नासांहून कमी प्रती उरल्या असतील, तरच दुसरी आवृत्ती काढावी, आणि तीही दोनशे प्रतींची. तसे झाले नसेल, तर उरलेल्या प्रती हळूहळू संपू द्याव्यात, छपाईचा पैसा पुढच्या कादंबरीसाठी राखावा आणि तिची प्रकाशनपूर्व नोंदणी याच वहीतल्या नावांपासून सुरू करावी.